विचारा की! : क्यूई-टूचा वाढदिवस नेमका कधी धरायचा?

मागच्या अंकात सहज एक ओळ लिहून गेलो की क्वीन एलिझाबेथ टू, म्हणजे क्यूई-टू, ती इंग्रजांची मोठी प्रवासी बोट, आता दुबईला हॉटेल होऊन उभी आहे आणि मी तिला आयुष्यात एकदाच बघितलंय, ते पण लांबून, साऊथॅम्प्टनला आमचं मालाचं जहाज लागलं होतं तेव्हा. बस्स, एवढंच लिहिलेलं. त्यावर पत्रं काय, व्हॉट्सअॅप काय, एवढं आलंय की संपादक म्हणाले ह्या खेपेला सगळा कॉलम बोटीलाच देऊन टाका काका. आता बेळगावात घाट उतरल्याशिवाय खारा वारा लागत नाही, राकसकोपचा तलाव भरला की आपला समुद्र भरला, तरी बोटीचं नाव काढलं की प्रत्येक गल्लीतनं एक तरी माणूस निघतोच, कुणाचा भाऊ शिपवर, कुणाचा जावई दुबईला. तर घ्या.

प्रश्न : काका नमस्कार. आमचे हे दुबईला एसी फिटर होते. शेवटची दोन वर्षं त्या बोटीवरच काम होतं, तिचं हॉटेल करायला लागले होते तेव्हा. सुट्टीला आले की घरात दुसरा विषय नाही, बोट आणि बोट. ते जाऊन आता चार वर्षं झाली. मुलं म्हणतात पप्पांच्या बोटीचा वाढदिवस करूया, पण थोरला म्हणतो २० सप्टेंबर, धाकटी म्हणते २ मे, आणि मला पक्कं आठवतंय की ह्यांनी १८ एप्रिलला फोन करून सांगितलेलं, "आज आमची बोट उघडली". खरं कुठलं? आणि त्यांच्या ट्रंकेत फोटो आहेत, गळ्यातलं ओळखपत्र आहे आणि पितळेचा एक स्क्रू आहे, कचऱ्यात टाकलेला त्यांनी उचलून आणलेला. त्याचं काय करू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : वहिनी, तुमच्या घरात तिघंही बरोबर आहेत, म्हणून तर भांडण मिटत नाही.

थोरला म्हणतो तो २० सप्टेंबर १९६७. त्या दिवशी स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँक गावच्या जॉन ब्राऊन यार्डात खुद्द राणी एलिझाबेथनी तिचं नाव ठेवलं आणि बोट उतारावरनं घसरत क्लाइड नदीत गेली. म्हणजे आपल्या भाषेत बारसं. पण बारशाला मूल अख्खं असतं, ही तेव्हा नुसता सांगाडा होती हो, आत फर्निचर नाही, मशिनरी अर्धवट, अजून दीड वर्षाचं काम बाकी. धाकटीचा २ मे हा १९६९ चा, त्या दिवशी ती प्रवासी घेऊन पहिल्यांदा साऊथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला निघाली. परदेशातली बोटवेडी मंडळी बहुतेक ह्या दोन तारखांना जुने फोटो काढून बसतात, आणि तिसरी तारीख ११ नोव्हेंबर, ती जरा रडायची. २००८ साली त्या दिवशी तिनं साऊथॅम्प्टन कायमचं सोडलं. त्या सकाळी बंदरात येतानाच ती वाळूच्या पट्ट्यावर रुतली होती बघा, टगबोटींनी ओढून काढली, लोक म्हणायला लागले म्हातारीला जायचंच नाहीये. विमानातनं तिच्यावर दहा लाख कागदी लाल फुलं टाकली, पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीचा दिवस होता ना तो. २६ नोव्हेंबरला ती दुबईला पोचली आणि दुसऱ्या दिवशी ताबा दिला.

आता तुमचा १८ एप्रिल. २०१८ च्या १८ एप्रिललाच दुबईच्या पोर्ट रशीद बंदरात तिचं हॉटेल पहिल्यांदा लोकांसाठी उघडलं, तेव्हा ह्यांनी फोनवर सांगितलं ते अगदी खरं. पण ह्यातली गंमत कदाचित त्यांनाही माहीत नसेल. १९६८ च्या डिसेंबरात चाचणीला नेली तेव्हा तिच्या टर्बाइनची, म्हणजे वाफेवर फिरणाऱ्या चक्राची, पाती खराब झाली, थरथराट एवढा की जिनं ती बांधायला दिलेली त्या कुनार्ड कंपनीनं सांगितलं अशी बोट आम्ही घेत नाही, दुरुस्त करा मग बघू. ते सगळं निस्तरून कंपनीनं शेवटी बोट ताब्यात घेतली ती तारीख कुठली, तर १८ एप्रिल १९६९! बरोबर एकोणपन्नास वर्षं आधी. म्हणजे ह्याच तारखेला ती एकदा बोट म्हणून पास झाली आणि एकदा हॉटेल म्हणून, आणि दोन्ही वेळेला त्याच्या आधी महिनोन्महिने फिटर लोक आत घाम गाळत होते. माझं मत विचाराल तर तुमच्या घरात १८ एप्रिलच. राणीनं बाटली फोडली तो दिवस राजघराण्याला लखलाभ. थोरल्याला सांगा, २० सप्टेंबरला पण कुंदा आणला तर काका काय नको म्हणणार नाही.

ट्रंकेचं आधी करा, वाढदिवस नंतर. खानापूरचा पाऊस म्हणजे फोटोंना बुरशी धरलीच म्हणून समजा. फोटो त्या चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर सावकाश काढा, कागदाच्या पाकिटात ठेवा, मागं पेन्सिलीनं लिहा, पेननं नको, शाई पुढं उमटते. काय लिहायचं? कोण, कुठं, कधी. फोटोतल्या बाकीच्या कामगारांची नावं ह्यांच्या तोंडून ऐकलेली जेवढी आठवतील तेवढी आत्ताच लिहून काढा, कारण बोटीचे फोटो जगात लाखभर असतील पण त्या बारा-पंधरा जणांचा एकत्र फोटो तुमच्याचकडं. मोबाईलवर सगळ्यांचे फोटो काढून मुलांच्यात वाटून टाका. आणि तो स्क्रू पॉलिश करू नका हं! काळा पडलाय तसाच राहू दे. एका डबीत घाला, आत चिठ्ठी, कुठला आणि कुणी आणला. चिठ्ठी नसली तर पुढच्या पिढीत तो कपाटाच्या बिजागरीला बसतोय बघा, आमच्या घरात माझ्या इंजिन रूममधल्या एका नटाचं तेच झालंय.

प्रश्न : मी उद्यमबागला फाउंड्रीत टर्नर आहे. चांगली वाफेवर चालणारी बोट होती, मग इंजिनं का बदलली? आणि एवढं मोठं धूड, डेक न फोडता आतनं इंजिन काढलं कसं? ॲव्हरेज किती द्यायची?
— एक वाचक, अनगोळ

उत्तर : ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होतो भाऊ. ॲव्हरेज ऐकाल तर गाडी विकून सायकल घ्याल. एका गॅलन तेलात, म्हणजे साडेचार लिटरच्या आसपास, जेमतेम पन्नास फूट. खडेबाजारात ह्या दुकानातनं समोरच्या दुकानात जाऊन परत येईपर्यंत गॅलन खलास. पण हिशेब असा करू नये, कारण ती एकटी जात नव्हती, सत्तर हजार टनांच्या घरातलं गाव घेऊन जात होती आणि ते पण साडेअठ्ठावीस नॉटनं, म्हणजे ताशी बावन्न-त्रेपन्न किलोमीटर. कमाल वेग साडेबत्तीस नॉट. ९६३ फूट लांब, आपल्या रेल्वेचे बारा डबे एकामागं एक उभे करा, तेवढी.

मूळची होती स्टीम टर्बाइन, तीन बॉयलर, दोन टर्बाइन सेट, बोट ढकलणारे पाण्याखालचे दोन पंखे. वाफेचं काम गुळगुळीत, आवाज कमी, पण तेल पिणार आणि सारखं हे गळतंय ते तापतंय. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले तिथंच वाफेच्या बोटींचं कंबरडं मोडलं. मग १९८६ च्या ऑक्टोबरात बोट जर्मनीत ब्रेमरहाफनच्या लॉइड वेर्फ्ट यार्डात नेली आणि सहा महिन्यात आतडी-कोथळा सगळा बदलला. मॅन कंपनीची नऊ डिझेल इंजिनं, प्रत्येकाला नऊ सिलिंडर, एकेक साडेदहा मेगावॅटचं. ही इंजिनं पंख्याला जोडलेली नाहीत हं, ती फक्त वीज तयार करतात, आणि ती वीज जाते दोन मोटरींना, चव्वेचाळीस-चव्वेचाळीस मेगावॅटच्या. एकेक मोटर चारशे टनांच्या वर. तुमच्या शॉपमधली पाच-दहा हॉर्सपॉवरची मोटर आठवा आणि मग ही डोळ्यासमोर आणा, दुमजली घराएवढी! ह्याचा फायदा असा की वेग कमी लागणार असेल तर दोन-तीन इंजिनं बंद ठेवायची, त्यांची सर्व्हिसिंग चालत्या बोटीत करायची, बोट थांबायचं कारण नाही. तेलात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास बचत झाली. खर्च म्हणाल तर दहा कोटी पौंडांच्या वर.

काढलं कसं? चिमणीतनं. खरंच सांगतोय. वरचं धुराडं अख्खं उचलून बाजूला ठेवलं आणि त्या भोकातनं जुने बॉयलर, टर्बाइन तुकडे करून वर काढले, नवीन त्याच वाटेनं खाली सोडलं. नंतर धुराडं परत बसवताना ते रुंद करावं लागलं, कारण आता नऊ इंजिनांचे धुराचे पाइप. म्हणून जुन्या फोटोत तिची चिमणी काटकुळी आणि नंतरच्या फोटोत जाड दिसते. कुणी फोटो दाखवून विचारलं कधीचा आहे, तर आधी चिमणी बघायची.

मी स्वतः डिझेलवर हाडं झिजवलेला माणूस, त्यामुळं वाफेची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांचं मला जरा हसूच येतं. बॉयलर रूमच्या उकाड्यात एक वॉच, म्हणजे एक पाळी, काढा म्हणावं आणि मग उसासे टाका.

प्रश्न : लायनर आणि क्रूझ शिप ह्यात फरक काय? दोन्ही मोठ्याच बोटी ना? कॉलेजात सेमिनार आहे, लवकर सांगा.
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : लवकर म्हणजे आमचा अंक महिन्यानं निघतो बाळा, सेमिनार झाला पण असेल. तरी ऐक. रोजची निपाणी-बेळगाव बस आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला यात्रेला केलेली गाडी, हाच फरक. रोजची बस पाऊस असो, धुकं असो, वेळेला सुटणार, तिचं काम माणसं पोचवणं. यात्रेची गाडी मजेत जाणार, वाटेत चहाला थांबणार, पाऊस लागला तर मुक्काम करणार. लायनर म्हणजे ठरलेल्या लाइनवर, ठरलेल्या दिवशी महासागर ओलांडणारी. त्यामुळं तिचं नाक लांब आणि निमुळतं, पत्रा जाड, पोट पाण्यात खोल, वेग जास्त. क्रूझ शिप म्हणजे पाण्यावर ठेवलेली बाल्कन्यांची अपार्टमेंट, वाईट म्हणत नाही मी, पण उत्तर अटलांटिकला हिवाळ्यात दर आठवड्याला आडवं जायचं तिचं काम नव्हं. १९९५ च्या सप्टेंबरात लुईस नावाच्या चक्रीवादळात क्यूई-टूवर जवळपास एकोणतीस मीटर उंच लाट आली, म्हणजे नऊ-दहा मजली इमारत समजा, आणि ती लाट झेलून ती न्यूयॉर्कला पोचली. त्या वेळचे कॅप्टन होते रोनाल्ड वॉरविक, आणि ह्या बोटीचे पहिले कॅप्टन कोण, तर त्यांचेच वडील विल्यम वॉरविक. बापाची बोट मुलाकडं आली!

सेमिनारला अजून एक मुद्दा घाल. तिचं खालचं अंग पोलादाचं आणि वरचे मजले अॅल्युमिनियमचे. यमनापूरच्या कारखान्यामुळं अॅल्युमिनियम आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, हलकं असतं. वर वजन कमी म्हणून एक मजला जास्त चढवता आला, तरी पोट पाण्यात फार खोल गेलं नाही, आणि रुंदी १०५ फूट ठेवल्यामुळं पनामा कालव्याच्या ११० फुटी दरवाजातनं ती बरोबर बसायची. तिच्या आधीच्या दोन राण्या, क्वीन मेरी आणि पहिली क्वीन एलिझाबेथ, त्या काय तिथनं जाऊ शकत नव्हत्या. म्हणून ही उन्हाळ्यात अटलांटिक आणि थंडीत जगप्रवास असं दोन्ही करू शकली, आणि म्हणूनच बाकीच्या लायनर विमानापुढं संपल्या तरी ही एकोणचाळीस वर्षं टिकली.

प्रश्न : नाव "एलिझाबेथ द्वितीय" असं लिहायचं का? म्हणजे राणीवरून?
— एक निवृत्त शिक्षक, शहापूर

उत्तर : नको सर. राणीच्या नावापुढं रोमन आकडा येतो, बोटीच्या नावात साधा दोन आहे. त्या नावाची दुसरी बोट, एवढाच कुनार्डचा अर्थ, आधीची क्वीन एलिझाबेथ तेव्हा अजून चालत होती. आता नाव ठेवताना राणीच "द सेकंड" म्हणाल्या, त्यावरनं लोक अजून वाद घालतात. आपल्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसला असली भानगड नाही, एकच राणी, एकच गाडी.

प्रश्न : आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. ते म्हणायचे ही बोट लढाईला पण गेली होती. खरं का?
— एक वाचक, कंग्राळी

उत्तर : एकदम खरं. १९८२ चं फॉकलंड युद्ध, ब्रिटन आणि अर्जेंटिनाचं. ब्रिटिश सरकारनं बोट ताब्यात घेतली आणि आठवड्याभरात तिच्यावर हेलिकॉप्टर उतरायच्या जागा केल्या, पोहण्याच्या तलावाच्या वर सुद्धा. भारी गालिचे होते त्यावर हार्डबोर्ड अंथरला, सैनिकांचे बूट ना! १२ मे ला तीन हजारांच्या आसपास सैनिक घेऊन निघाली, शेवटी शेवटी सगळ्या खिडक्या काळ्या करून, रडार बंद ठेवून, बर्फाचे डोंगर तरंगतायत त्यातनं. साऊथ जॉर्जिया बेटाला सैनिक दुसऱ्या बोटींवर उतरवले आणि बुडालेल्या युद्धनौकांवरचे वाचलेले खलाशी घेऊन ११ जूनला परत आली. आजोबांना माझा सलाम सांगा, असतील तर. आणि नसतील तर ते हे कुणाकडनं ऐकून आले होते ते घरात विचारा, तुमच्याकडं पण कुठं एखादी ट्रंक असणार.

प्रश्न : एवढं सगळं ठीक आहे, पण जुनी बोट शेवटी भंगारच. एवढा पैसा घालून उभी करण्यात काय हशील?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : तुमचं पण चूक नाही. बहुतेक बोटींचं तेच होतं, आणि ते आपल्याच देशात होतं, गुजरातला अलंगच्या किनाऱ्यावर. फ्रान्स नावाची केवढी देखणी लायनर, १,०३५ फूट, नंतर नॉर्वे नाव झालं, ती २००६ ला अलंगला किनाऱ्यावर चढवली आणि तिथंच कापली. पहिली क्वीन एलिझाबेथ १९७२ ला हाँगकाँगला जळून आडवी झाली. क्वीन मेरी तेवढी १९६७ ला अमेरिकेत लाँग बीचला गेली आणि पुढं तिथंच हॉटेल आणि म्युझियम होऊन राहिलीय. क्यूई-टूला दुबईच्या कंपनीनं दहा कोटी डॉलरला घेतलं आणि घेतल्या घेतल्या जगभर मंदी आली, मग नऊ-साडेनऊ वर्षं ती धक्क्यावर नुसती उभी. भंगारात जाणार अशा बातम्या दर वर्षी यायच्या.

हशील काय ते मला पैशात सांगता येणार नाही. जवळपास पंचवीस लाख प्रवासी, साठ लाख नॉटिकल मैलांच्या जवळ अंतर, आठशेच्या वर अटलांटिक फेऱ्या, हे आकडे सगळे सांगतात. मला आपलं एवढंच वाटतं की ती उभी राहिली म्हणून खानापूरच्या वहिनींच्या मुलांना उद्या गोव्याहून विमान धरून जाऊन बोट दाखवता येईल की हा डक्ट तुमच्या पप्पांनी बसवला. अलंगला गेली असती तर पत्र्याच्या सळया झाल्या असत्या, आणि त्या कुठल्या स्लॅबमध्ये गेल्या कुणाला कळणार?

प्रश्न : काका, तुम्ही इंग्रजांच्या बोटीचे वाढदिवस सांगताय, आपल्या कोकण बोटीचं काय? माझी आजी लग्नानंतर वेंगुर्ल्याहून मुंबईला बोटीनं गेली होती, अजून सांगते. तिची आठवण कोण ठेवणार?
— एक वाचक, हिंडलगा

उत्तर : मारलंस की रे पोरा, बरोबर जागी मारलंस. तुझं घर तर वेंगुर्ला रोडलाच. रेल्वे यायच्या आधी बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्लाच होतं, आंबोलीचा घाट उतरून बैलगाड्यांच्या रांगा जायच्या. आणि पणजी ते मुंबई भाऊचा धक्का अशी आगबोट पुढं कितीतरी वर्षं चालली. रोहिणी, सरिता, कोकण सेवक, कोकण शक्ती ही नावं काढली की वेंगुर्ला-मालवण-देवगडकडची म्हातारी माणसं अजून डोळे मिटून बोलायला लागतात. पावसाळ्यात बोट बंद. बहुतेक ठिकाणी धक्काच नसायचा, बोट लांब खोल पाण्यात उभी, किनाऱ्यावरनं पडावात बसायचं, लाटेवर पडाव वर आला की पटकन पाय टाकून बोटीत चढायचं, बोचकं आधी फेकायचं, पोर नंतर हातात द्यायचं. डेकवर चादर पसरली की ती आपली जागा. ज्याला बोट लागायची त्याच्या हातात लिंबू.

त्या बोटींचं कुणी हॉटेल केलं नाही. एक तारीख तेवढी लोक विसरत नाहीत, १७ जुलै १९४७, त्या दिवशी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. बाकी बोटींच्या पहिल्या फेरीचा, शेवटच्या फेरीचा दिवस कुणी पाळताना मी तरी ऐकलेलं नाही.

तर तू एक काम कर. ह्या रविवारी आजीच्या शेजारी बस, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून ठेव पण तिला दाखवू नकोस, नाहीतर ती शुद्ध बोलायला लागते. "कसं वाटलं" असलं काही विचारू नकोस. विचार की पडावात चढताना चप्पल पायात होती का हातात, डब्यात काय बांधून दिलं होतं, नवी नवरी म्हणून डेकवर झोपली की रात्रभर बसून राहिली, आणि मुंबई दिसायच्या आधी पहिल्यांदा काय दिसलं. आणि ते चपलेचं उत्तर मला आधी कळव, कारण आमच्या आईचं आणि आत्याचं त्यावरनं शेवटपर्यंत जमलं नाही.